वाडीत तासांची बँक काढायची तर मागणाऱ्यांपासून सुरुवात करा

प्रश्न असा आला आहे: "देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत ६२ घरं आहेत. त्यातली निम्मी गणपती-शिमग्यापुरतीच उघडतात, उरलेल्यांत बहुतेक वयस्कर माणसं. पुण्याची नोकरी घरून करता येते म्हणून मी वर्षभरापूर्वी परत आले. शेजाऱ्याच्या कामाला आपले तास द्यायचे आणि आपल्या गरजेला तेवढेच तास कुणाकडूनही घ्यायचे, अशी तासांची बँक सुरू करावी असं मनात आहे. ॲप कोणतं घ्यावं? डॉक्टरचा तास आणि गवत काढणाऱ्याचा तास सारखा कसा धरायचा? नुसते घेणारेच आले तर काय? आणि माझे आजोबा म्हणतात, हे तर आपलं सावडच, त्याला नवीन नाव कशाला?"

तुमच्या आजोबांचं म्हणणं आधी घेते. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

मी दापोली तालुक्यात, केळशी-आंजर्ले पट्ट्यात राहते. प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, बचत गटाचे हिशेब बरीच वर्षं ठेवले, आणि २०१६ पासून आमच्या वाडीची 'तासांची वही' माझ्याकडे आहे. 'बँक' हा शब्द आम्ही पहिल्याच महिन्यात सोडून दिला. बँक म्हटलं की माणसाला जामीनदार, व्याज आणि नोटीस आठवते. वही म्हटलं की वाण्याची किंवा भिशीची आठवते, तिची भीती वाटत नाही.

आजोबा बरोबर बोलतायत, पण अर्धं. सावड आपल्याकडे होतंच. लावणीला आज तुझ्या शेतात दहा माणसं, उद्या माझ्या. इर्जिकीला गावातले नांगर-बैल घेऊन लोक एकाच्या शेतात उतरायचे आणि मालकाने सगळ्यांना जेवण घालायचं. पण सावडीचा नियम आठवा. माणसाला माणूस आणि जोताला जोत. जे दिलं तेच आणि त्याच माणसाकडून परत यायचं. मग ज्याच्या गोठ्यात बैल नाही त्याच्याकडे इर्जिक कशी जाणार? जिचा नवरा गेला, मुलगा नालासोपाऱ्याला आणि स्वतःची कंबर धरलेली, ती लावणीला कुणाकडे उभी राहणार? ती सावडीतून आपोआप बाहेर पडायची. तिला कुणी काढत नव्हतं, पण घेतही नव्हतं. शिवाय सावड भावकीत फिरायचं, फार तर वाडीत. खालच्या वाडीत किंवा मोहल्ल्यात ते जात नसे. याचं कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि जुन्या गोष्टींचं कौतुक करताना ते गाळू नये असं मला वाटतं.

तासांच्या वहीत देवाणघेवाण दोघांतच पूर्ण व्हायला लागत नाही, फेरी तिसऱ्या-चौथ्या माणसाकडून पुरी होते. आमच्याकडची एक फेरी सांगते. वरच्या घरातल्या आजी शाळा सुटल्यावर एका मुलाला आपल्या पडवीत बसवून पाढे म्हणून घेतात, त्याची आई आगरातून येईपर्यंत. ती आई मोबाईलमध्ये हुशार. तिने एका निवृत्त एसटी चालकाची ई-पीक पाहणी भरून दिली. शेतकऱ्याने स्वतःच मोबाईलवरून पीक नोंदवायची ही पद्धत १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आली, तेव्हा आमच्याकडच्या साठीपुढच्या बहुतेकांची तिने झोप उडवली होती. आणि त्या चालकाने आजींना स्वतःच्या गाडीने दापोलीला नेऊन डोळे तपासून आणले. आजींचं त्या चालकाकडे काही देणं नाही, चालकाचं आजींकडे काही घेणं नाही. सावडीत हे बसलंच नसतं.

या विचाराचे दोन जनक सांगितले जातात, आणि दोघांची गोष्ट आपल्याला उपयोगी आहे. जपानमध्ये ओसाकाच्या तेरुको मिझुशिमा या गृहिणीने १९७३ मध्ये अशी श्रमाची बँक सुरू केली. घरातल्या बायका जे काम करतात त्याला पैशात किंमत नाही, तर निदान तासांत असावी, हा तिचा आग्रह. अमेरिकेत एडगर कान या वकिलांना १९८० साली हृदयविकाराचा मोठा झटका आला. बिछान्यावर पडून त्यांना सगळ्यात जास्त टोचलं ते हे की आता लोक आपल्यासाठी करणार आणि आपण कुणाच्याच कामाचे नाही. त्यातून त्यांनी तासांचं चलन मांडलं. दोघांनीही एका माणसाचा एक तास दुसऱ्या कुणाच्याही एका तासाएवढाच धरला.

आता मला मुख्यतः जे सांगायचं आहे ते. तुम्हाला भीती आहे नुसते घेणारे येतील याची. माझा अनुभव नेमका उलट आहे. घेणारे येतच नाहीत.

आमच्या पहिल्या बैठकीत देवळाच्या सभामंडपात ३१ जणांनी मी काय देऊ शकतो ते लिहून दिलं. झापं विणणं, कौलं चाळणं, जाळं दुरुस्त करणं, पत्रिका वाचणं, भजन शिकवणं, शिवण, सातबारा ऑनलाइन काढणं. मला केवढा आनंद झाला होता! आणि काय हवं आहे ते किती जणांनी लिहिलं? दोघांनी. दोन महिने वही कोरी राहिली. इंग्लंडात रॉबर्ट ओवेन यांनी १८३२ मध्ये लंडनला श्रमाच्या तासांवर वस्तूंची अदलाबदल करणारं मोठं दुकान काढलं होतं. तिथेही लोकांनी देण्यासारखं ते आणून ठेवलं, हवं ते उचललं गेलं आणि नको ते पडून राहिलं. १८३४ मध्ये ते बंद पडलं. आमची वही त्याच वाटेने चालली होती.

कोकणातल्या माणसाला मागता येत नाही. द्यायला सांगा, घरचा फणस उचलून देईल. पण "कुणाचं मिंधं राहायचं नाही" हे आपल्या हाडात आहे. म्हातारी माणसं तर जास्तच. मुलाला फोनवर सगळं बरं आहे म्हणतात आणि रात्री ट्यूबलाइट गेलेल्या स्वयंपाकघरात मोबाईलच्या उजेडात भात लावतात.

म्हणून तिसऱ्या महिन्यात मी बैठका बंद केल्या आणि घरोघर गेले. 'तुम्हाला काय मदत हवी' असं एकदाही विचारलं नाही. त्याचं उत्तर 'काही नको' हेच येतं. मी विचारलं, "पावसाच्या आधीचं कुठलं काम या वर्षी राहून जाईल असं वाटतंय?" मग बोलणं सुटलं. कौलं चाळायची आहेत, माकडांनी अर्धी फोडलीत. विहिरीतला गाळ दोन वर्षांत काढलेला नाही. लाकडं फोडून पडवीत रचायची आहेत. गडगा एका ठिकाणी ढासळलाय, गुरं आत येतात. पन्हळ गळते. एका काकींनी बराच वेळ काही सांगितलं नाही. मी निघताना म्हणाल्या, "माळ्यावरची ट्रंक खाली काढायची होती." दोन वर्षं त्या थांबल्या होत्या. ट्रंकेत जमिनीचे कागद होते, त्यांच्या वाटपाच्या कामाला ते लागत होते, आणि पंधरा मिनिटांच्या कामासाठी कुणाला हाक मारायची त्यांना भीड वाटत होती. वहीतलं ते पहिलं खरं काम. अर्ध्या तासाखाली आम्ही नोंद करत नाही, म्हणून अर्धा तास लिहिला. पण त्या दिवशी काकींनीही अर्धा तास परत कसा द्यायचा ते विचारलं, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन सुनांना कोकमाची सोलं कशी वाळवायची, मीठ किती, आगळाचे हात किती द्यायचे ते शिकवलं. वहीचा उपयोग मला त्या दिवशी समजला. मागणाऱ्याच्या मनातला उपकाराचा काटा काढणं, एवढंच तिचं काम. हिशेब त्यासाठी ठेवायचा.

हे समजायला मला एक चूक करावी लागली, ती सांगते, तुम्ही करू नका. पहिल्या गुढीपाडव्याला मी बैठकीत सगळ्यांची बाकी वाचून दाखवली. बचत गटात तशीच पद्धत होती, पारदर्शक असावं म्हणून. एका बाईंच्या नावावर उणे चौदा तास होते. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे त्यांनी घेतले होते जास्त आणि देता आले नव्हते. मी आकडा वाचला आणि त्यांनी मान खाली घातली. त्यानंतर त्या सात महिने वहीकडे फिरकल्या नाहीत, आणि त्या सात महिन्यांत त्यांना मदतीची गरज कमी झाली नव्हती. मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून कुणाचीही बाकी दुसऱ्याला सांगत नाही, अगदी सख्ख्या दिरालाही नाही. 'उधारी', 'थकबाकी', 'उणे' हे शब्द वहीत नाहीत. डाव्या पानावर 'दिले', उजव्या पानावर 'घेतले', बस. उजवं पान जड असलेल्या माणसाकडे मी जाते ते वसुलीला नाही, त्यांना येण्यासारखं काम शोधायला. त्याच बाई आता अंथरुणावरच्या माणसाची कूस कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे ज्या घरी नव्याने तशी वेळ येते तिथे जाऊन दाखवतात. तालुक्याच्या ठिकाणी पैसे देऊनसुद्धा हे शिकवणारं कुणी मिळत नाही.

नुसतं घेणारा म्हणावा असा माणूस नऊ वर्षांत एकच भेटला, आणि लोकांनी त्याच्या हाकेला जाणं आपोआप बंद केलं. त्यासाठी नियम करावा लागला नाही.

डॉक्टरच्या तासाचं उत्तर त्यापुढचं. ज्याचं पोट ज्या कामावर चालतं ते काम वहीत आणू नका. आमच्याकडे नारळ पाडणारा एकच माणूस उरला आहे. पंचक्रोशीतले सगळे त्याच्यामागे. मी सुरुवातीला त्याला वहीत यायला सांगितलं आणि तो सरळ नाही म्हणाला. "बाई, माडामागे पैसे मिळतात त्यावर माझं घर आहे. तासावर चढलो तर संध्याकाळी चूल कशी पेटायची?" तो बरोबर होता. त्याला तासांत चढवणं म्हणजे वाडीने त्याची मजुरी बुडवणं झालं असतं. आता तो वहीत आहे, पण पोहायला शिकवण्यासाठी. खाडीत ओहोटीच्या वेळेला तो मुलांना पाण्याची भीती घालवून देतो, आणि त्याच्या बदल्यात त्याच्या मुलीला दहावीचं गणित मिळालं. डॉक्टर, सुतार, वायरमन, रिक्षावाला, सगळ्यांना हाच न्याय. तुमच्याकडच्या डॉक्टरांना बागेत कलमं बांधायला आवडत असतील तर त्यांनी तो तास द्यावा.

एवढं बाहेर ठेवलं की उरलेल्या कामांत तास सारखा धरणं जड जात नाही. आम्ही एकदा वेगळं करून पाहिलं. उन्हात कौलांवर चढणाऱ्याला तासाला दीड तास. लगेच पन्नास माणसांचं जेवण रांधणाऱ्या बायका म्हणाल्या, चुलीपुढे काय ऊन नसतं? मग गाळ काढणारे, मग रात्री आजाऱ्याजवळ जागणारे. प्रत्येकाचं म्हणणं खरं होतं आणि म्हणूनच त्याला अंत नव्हता. महिनाभराने सगळ्यांनी मिळून परत एकाला एक केलं. सामान मात्र नेहमी रोखीत. कौलं, सिमेंट, पेट्रोल ज्याचं काम त्याने द्यायचं, त्याच दिवशी. पेट्रोलचे पैसे भिडेपोटी सोडायची सवय लागली की गाडीवाला तिसऱ्या वेळी फोन उचलत नाही. आणि काम करायला आलेल्याला चहापलीकडे काही द्यायचं नाही, हे आम्ही कडक पाळतो. इर्जिकीचं जेवण ऐकायला गोड वाटतं, पण गरीब घराला तेच भारी पडायचं. आमच्याकडेही एका घरी कौलं चाळायला गेलेल्या चौघांसाठी सुरमई आणली गेली, मग दुसऱ्या घराला वाटलं आपणही काहीतरी करायला हवं, आणि तिसऱ्या घराने काम सांगितलंच नाही.

हंगामाचा विचार कागदावर सुचत नाही, पण आपल्याकडे त्यावरच सगळं अडतं. कोकणात सगळ्यांना माणूस एकाच वेळी हवा असतो. एप्रिल-मे आंबा आणि पावसाची बेगमी, जून-जुलै लावणी, मग गणपती, मग कापणी-झोडणी. या दिवसांत तास मागून मिळत नाहीत आणि लोक म्हणतात वही काही उपयोगाची नाही. म्हणून लावणी-कापणी आम्ही वहीत घेतच नाही. ती सावडीवर आणि मजुरीवरच चालू दे. वही अडलेल्या, फुटकळ, रोजच्या कामांची ठेवा. विहीर, गडगा, लाकूडफाटा ही कामं जानेवारी-फेब्रुवारीत उरकायची. कौलं मेमध्येच चाळावी लागतात, मधे चाळली तर माकडं पुन्हा विस्कटतात, म्हणून कौलांची यादी मार्चमध्येच करून प्रत्येकी वार ठरवून टाकतो. उलट भर पावसात शेतातलं काम नसतं त्या दुपारी शिकवण्या लावायच्या. आमच्याकडे श्रावणात मोदकाच्या कळ्या, झापं विणणं आणि मोबाईलवरून पैसे पाठवणं या तिन्हींचे वर्ग एकाच ओटीवर चालतात, आणि बऱ्याचदा शिकवणारी आणि शिकणारी यांची अदलाबदल होते. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले. ते काम दोन तरुण मुलं आठवडाभरात संपवतात.

बायकांच्या तासांकडे नीट बघा, तुम्ही बाई आहात म्हणून मुद्दाम सांगते. दोन वर्षांनी मी वही उलगडून बसले तेव्हा दिसलं की डावं पान बायकांचं भरलेलं आणि उजवं पुरुषांचं. पुरुषांचे घेतलेले तास म्हणजे स्वयंपाक, आजाऱ्याची सोबत, घरची पूजा. बायका काही घेतच नव्हत्या. म्हणजे आम्ही बायकांवर आणखी एक फुकटचं काम चढवलं होतं आणि त्याला वहीचं कव्हर घातलं होतं. मग एकेकीला गाठून विचारलं. जवळजवळ प्रत्येकीचं उत्तर एकच, "दोन तास कुणीतरी सासूबाईंजवळ बसेल का?" कुणाला दापोलीला स्वतःची तपासणी करायची होती, कुणाला माहेरी जाऊन यायचं होतं, एकीला नुसतं झोपायचं होतं. हे काम आता वहीत सगळ्यात जास्त होतं, आणि त्याला जाणाऱ्यांत तीन पुरुष आहेत. सुरुवातीला त्यांना घेऊन मी स्वतः गेले, कारण एकट्या बाईच्या घरी परका पुरुष बसणं आपल्याकडे सोपं नाही. तशी वाट पाडावी लागते.

तुमची निम्मी घरं बंद आहेत असं तुम्ही लिहिलंय. मी ती बंद धरणार नाही. जपानमध्ये १९९०च्या दशकात वाढलेल्या फुरेआइ किप्पू नावाच्या पद्धतीत एका शहरात वृद्धांची सेवा करून मिळवलेले तास दूरच्या गावातल्या आपल्या आईवडिलांच्या नावे पाठवता येतात. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, हे तर चाकरमान्यांसाठीच बनलंय. आमचं मुंबईचं मंडळ परळला वर्षातून दोनदा बसतं. तिथे जाऊन मी मांडलं. वाडीतलं माणूस केईएमला किंवा टाटाला तपासणीला आलं की त्याच्याबरोबर सकाळच्या रांगेत उभं राहायचं, केसपेपर काढायचा, कुठल्या मजल्यावर जायचं ते दाखवायचं, रात्री दादर किंवा दिव्याहून गाडीत बसवून द्यायचं. ते तास इकडे सोबत करणाऱ्याच्या आईच्या उजव्या पानावर उपयोगी पडतात. डोंबिवलीचा एक मुलगा कॅन्सरच्या रुग्णांबरोबर टाटाला जातो, आणि त्याच्या आईची विहीर इकडे उपसली जाते. बापाच्या पायाला इकडे कोण तेल लावतंय हे कळलं की तिकडचा माणूस सुट्टी टाकून येतो. घराच्या किल्ल्याही वहीत आल्या. कुठली किल्ली कुणाकडे, पाण्याचा वॉल कुठे, मीटर कुठे, हे लिहिलेलं असतं.

त्याचा उपयोग ३ जून २०२० ला झाला. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि आमच्या पट्ट्यालाही त्याने सोडलं नाही. चार तासांत पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, पिढ्यांचे माड आडवे, घरांवर कौल राहिलं नाही. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. टाळेबंदीमुळे मुंबईहून कुणी येऊ शकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन बाहेर पडले. कोण एकटं राहतं, कुणाला रोजची गोळी लागते, करवत कुणाकडे, बंद घराची किल्ली कुठे, हे विचारत फिरावं लागलं नाही. संध्याकाळपर्यंत प्रत्येक एकट्या माणसाच्या डोक्यावर ताडपत्री होती. न्यूझीलंडमध्ये लिटलटन गावात २००५ पासून अशी तासांची बँक आहे. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात तिथेही हेच झालं, कोण कुठे आणि कुणाला काय येतं हे आधीच ठाऊक असल्यामुळे मदत लवकर पोहोचली. एक मात्र सांगते, वादळानंतर दीड महिना आम्ही एकही तास लिहिला नाही. एका मुलाने विचारलं होतं, नोंद करू का? मी नको म्हटलं. झाडाखाली दबलेल्या घराचा हिशेब मांडायचा नसतो. पण त्या दीड महिन्यात खालची वाडी आणि मोहल्ला आमच्याबरोबर माड कापत होते, आणि वही पुन्हा उघडली तेव्हा ती तीन वस्त्यांची झाली. चार वर्षं मी ज्यासाठी बोलत होते ते त्या जूनमध्ये झालं.

ॲपचं थोडक्यात. घेऊ नका, निदान पहिली दोन वर्षं. शाळेची २०० पानी वही, प्रत्येक घराला एक जोडपान, आणि मागण्यांपुरता एक व्हॉट्सॲप गट, ज्यात शुभेच्छा आणि राजकारण चालणार नाही. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांची मागणी तुम्ही टाकायची. तुमच्यासारख्या मुलीला ॲप सोपं वाटेल, पण ज्यांच्यासाठी हे करायचं त्यातले निम्मे तिथेच गळतील. वही सांभाळणाऱ्याचेही तास लिहा, महिन्याला पाच-सहा तरी. नाहीतर वर्षभरात तुम्ही थकाल आणि वही कपाटात जाईल. दोघींनी मिळून सांभाळा, एक जण जुनी वाडीतली असू दे.

काही गोष्टींत मात्र भीड धरू नका. विजेच्या तारेला आणि खांबाला हात लावायचं काम वहीत नाही. माडावर हौशी माणूस चढवायचा नाही. इंजेक्शन, औषध बदलणं नाही. नवा माणूस पहिल्या दोन वेळा एकट्या वृद्धाच्या किंवा लहान मुलांच्या घरी एकटा जाणार नाही, मग तो कुणाचाही भाचा असो. ग्रामपंचायतीला माहिती द्या, पण वही त्यांच्या कपाटात ठेवू नका. निवडणूक आली की तासांची आश्वासनं वाटली जातात.

आणि साठवलेले तास म्हातारपणी नक्की मिळतील असं वचन कुणालाही देऊ नका. दहा वर्षांनी वाडीत किती तरुण असतील हे तुम्हाला-मला सांगता येणार नाही, मग ते वचन कुणाच्या जिवावर द्यायचं? आमच्याकडे पाडव्याला ज्याचे वीसपेक्षा जास्त तास शिल्लक असतील त्याचे वरचे तास 'वाडीच्या पानावर' जातात. ज्यांना आता काहीच देता येत नाही त्यांच्यासाठी ते पान. त्यातून कुणी किती घेतलं हे फक्त वही सांभाळणाऱ्या दोघींना माहीत असतं.

सुरुवात गौरी-गणपती झाल्यावर करा. चाकरमानी गेलेले असतात, कापणीला अजून वेळ असतो, आणि घरं एकदम रिकामी वाटतात. पहिल्या पानावर तुमची स्वतःची मागणी लिहा. मी माझी लिहिली होती, चोपन्नाव्या वर्षी स्कूटर शिकायची. एकोणीस वर्षांच्या मुलीने ओहोटीला पुळणीवर नेऊन मला पाच तास शिकवलं आणि वाडीतल्या बायका बघायला उभ्या होत्या. बाई मागू शकते तर आपणही मागू, असं त्यातल्या दोघींनी नंतर मला सांगितलं. वर्षभरापूर्वी परतलेल्या मुलीला न येणारं वाडीत पुष्कळ असेल, त्यातलं एक निवडा.

मग ती वही घेऊन आजोबांजवळ बसा. सावडीत कुणाकुणाला बोलावलं जायचं हे विचारू नका, ते सगळे सांगतात. बोलावलं कुणाला जात नव्हतं, ते विचारा. थोडा वेळ लागेल, पण त्यांना घरं आठवतील. त्या घरांची दारं तुम्ही आधी वाजवा.